मिठाच्या पुड्यावर तारीख लिहून पाहा: शुगर-बीपी घरात शिरण्याआधीचा हिशेब

कोरडवाहू

राम राम मंडळी. लिहीन लिहीन म्हणता दोन हंगाम गेले. आज सकाळपासून झड लागली आहे, वावरात पाय ठेवता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. सात एकर कोरडवाहू. कापूस, तूर, सोयाबीन. घरात पाच माणसं: आई, बाबा, आम्ही दोघं आणि मुलगी.

दोन वर्षांआधीचा मृग. पेरणी सुरू होती. बाबा धुऱ्यावर (बांधावर) बसून बियाण्याची थैली फोडत होते, ती हातातून सुटली. मी म्हटलं, "बाबा, सांडलं ना." त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण शब्दच कळेना. जवळ गेलो तर ओठाचा डावा कोपरा खाली लोंबलेला आणि डावा हात मांडीवर नुसता पडलेला. लकवा. शब्द आम्हाला माहीत होता, वेळेची किंमत माहीत नव्हती. शेजारच्या गावात एक जण लकव्यावर झाडपाला देतो, आधी तिकडे नेलं. तिथे अडीच तास गेले. मग गाडी करून जिल्ह्याला.

तिथे बीपी निघाला 210/120. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधीपासून बंद केली?" आम्ही म्हटलं, साहेब, यांना बीपी नाहीच. खरी गोष्ट अशी की तो कधी मोजलाच नव्हता. 56 वर्षांच्या आयुष्यात एकदाही नाही. गुठळीमुळे लकवा झाला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन काढावा लागतो. आमची वेळ टळून गेली होती. आज बाबा काठी घेऊन चालतात, डाव्या हाताची मूठ वळत नाही. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, या तिघांतलं एक जरी दिसलं तरी कुठेही न थांबता 108 ला फोन करा. हे आधी लिहून टाकतो, बाकीचं सगळं नंतर.

आता धागा काढायचं कारण. सुट्टी होताना तिथल्या सिस्टरने माझ्या बायकोला विचारलं, "तुमच्या घरी मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?" तिला सांगता आलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर तिने नवा पुडा फोडला आणि त्यावर पेनाने तारीख घातली. एक किलोचा पुडा एकोणीस दिवसांत संपला.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. पाच जणांचे 25 ग्रॅम. म्हणजे पुडा 40 दिवस पुरायला हवा. आमचा 19 दिवस. आणि यात दुकानातली शेव, फरसाण, मुलीचे पोंगे धरलेलेच नाहीत.

मग आम्ही तेलाकडे पाहिलं. दिवाळीला कापसाचा पैसा आला की आम्ही तेलाचा 15 किलोचा पिपा आणतो. माणशी 20 ग्रॅम धरलं तर पाच जणांना तो पाच महिने जायला पाहिजे. आमचा संक्रांतीलाच रिकामा व्हायचा. साखर महिन्याला सहा किलो, म्हणजे माणशी दिवसाला 40 ग्रॅम, आणि मुलगी तर चहा पीतच नाही. बाबा सहा-सात कप प्यायचे, कपात दोन चमचे. दोन चमचे म्हणजे जवळपास 10 ग्रॅम.

कोणाच्या ताटात किती पडतं हे भांडणाचं कारण होतं. पुडा किती दिवसांत संपला यात कोणाला दोष देता येत नाही. म्हणून आमच्याकडे हे टिकलं असावं.

बदल आम्ही फक्त बाबांच्या ताटात केला नाही. सुरुवातीला आई त्यांची भाजी वेगळी काढायची, बिनमिठाची. ते दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. आजारी माणसाला वेगळं ताट वाढलं की त्याला तो पंक्तीतून उठवल्यासारखा वाटतो. मग ठरवलं, एकच भाजी, सगळ्यांना तीच. भातात आणि कणकेत मीठ बंद. भाजीत दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी. वरून लिंबू, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लसणाचा ठेचा, जवसाची चटणी (तीही मिठाला आवरती). चार-पाच आठवडे जेवण अळणी लागलं. आता लग्नाच्या पंगतीतली भाजी खारट लागते. पुडा सध्या 34 दिवस जातो.

त्याच दवाखान्यात माझी उपाशीपोटी साखर 112 निघाली. 100 च्या आत असावी लागते, 126 ला मधुमेह म्हणतात. मी मधल्या पायरीवर होतो, वय 33. वर्षभरात वजन 78 वरून 71 वर आणलं, साखर 97 वर आली. कसं ते विचाराल तर सांगतो.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? लिहा.

बैलबंडी

भाऊ, बाबाचं आयकून लय वाईट वाटलं. पन एक गोष्ट मले पटत नाई. शयरातल्या मानसाले शुगर होते ते समजते, तो दिवसभर खुर्चीवर बसून रायते. आपन उन्हातान्हात राबनारे लोकं. माया आजा भाकरीवर तेलाची धार घेऊन खाये, नव्वद वर्सं जगला, दवाखाना पायला नाई. कास्तकाराले व्यायाम अन् पथ्य कायले पाह्यजे? आपलं वावरच आपला व्यायाम हाय. (मी अकोट तालुक्यातला.)

कोरडवाहू

बैलबंडी भाऊ, मीही हेच म्हणायचो. मग एकदा मोजून पाहिलं. मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप आहे. जुलैच्या एका साध्या दिवशी, फवारणी नसताना, माझी 3,100 पावलं झाली. वावरात मोटरसायकलने गेलो, धुऱ्यावर उभा राहिलो, मजुरांशी बोललो, पानठेल्यावर बसलो, परत आलो. वेचणीच्या दिवसांत माझ्या बायकोची 14,000 च्या वर जातात.

तुमचे आजोबा मोटेनं ओलित करत असतील. डवरणी बैलांमागे चालत, निंदण हातानं, बाजाराला पायी. आता पेरणी ट्रॅक्टरवर, निंदणाच्या जागी तणनाशक, मळणी यंत्रावर. कापूस घरात आला, तूर निघाली, की मार्चपासून मृगापर्यंत कोरडवाहू माणसाला करायला काय असतं? पार, पानठेला आणि मोबाईल. ताट मात्र मोटेच्या काळाचंच राहिलं. उलट पूर्वी ज्वारीची भाकर होती, आता रेशनचा तांदूळ आणि गव्हाची पोळी. आमच्या शिवारात ज्वारी पेरणारं घर बोटावर मोजण्याइतकं उरलं, पाखरं खातात आणि रानडुकरं झोपवतात म्हणून लोकांनी सोडली.

मेहनत करणाऱ्याला बीपी होत नाही हेही खरं नाही. बाबा माझ्यापेक्षा तिप्पट काम करायचे. अंगाने सडसडीत होते. मीठ आणि तंबाखू त्यांच्या कामाला विचारत नव्हते.

तिफण

मी चांदूर बाजारकडची. बायकांच्या बाजूने लिहिते, कारण या चर्चेत "मोलकरणीसारखी राबते, तिला काय होणार" हे वाक्य नेहमी येतं.

माझ्या सासूबाईंची शुगर कशी कळली ते सांगते. पायाला कपाशीचं धसकट लागलं, जखम दीड महिना भरली नाही. तेव्हा मोजली, 318. त्याआधी वर्षभर त्या म्हणत होत्या की थकवा येतो, रात्री लघवीला उठावं लागतं, बुडाला खाज येते. यातलं काहीच त्यांनी डॉक्टरला सांगितलं नाही, कारण सांगायची लाज, आणि थकवा तर बाईला असतोच.

आमच्याकडे बाई सगळ्यांत शेवटी जेवते. तोवर वरण संपलेलं असतं, भाजीचं पातेलं पुसून होतं. उरतो भात आणि पोळी. मग ती भातावर तेल-तिखट-मीठ घेऊन पोट भरते. वर्षानुवर्षं हेच ताट. आपण तूर पिकवतो, विकतो, आणि घरात पाण्यासारखं वरण करतो. त्यामुळे दिवसभर कामाला जुंपलेली बाई खाते ती सगळी साखर होणारी वस्तू, आणि डाळीचा कण तिच्या वाट्याला नाही.

मी एकच बदल केला. दुपारी नाही जमत, पण रात्री सगळे एकत्र बसतो. पातेली मध्ये. नवऱ्याला दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा तोच आईला हाक मारायला लागला. आधी वरणाची वाटी आणि काकडी-मुळा, मग भाकर. सासूबाईंची साखर गोळ्यांनी उतरली हे खरं, पण डॉक्टर म्हणाले जेवणाने गोळी वाढवावी लागली नाही.

आणखी एक, पोरींनो नीट वाचा. बाळंतपणात ज्यांची साखर वाढली होती त्यांना वाटतं बाळ झालं, संपलं. संपत नाही. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायची असते आणि पुढे नियमित तपासत राहायचं असतं, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

उपकेंद्र

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यात एका आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावात अजून सगळे "उपकेंद्र"च म्हणतात, म्हणून हेच नाव घेतलं.

तिफण ताईंनी लिहिलं ते मी रोज पाहते. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आजार कळतो तोच जखमेवरून, नाहीतर डोळ्यापुढे अंधारी आल्यावर. बीपी दुखत नाही. साखर दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा किडनी, डोळा नाहीतर मेंदू बोलत असतो.

वयाची 30 वर्षं झालेल्या प्रत्येकाची बीपी आणि साखरेची तपासणी आमच्याकडे फुकट होते. तोंडाची तपासणीही होते, आणि बायकांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची सोयही याच कार्यक्रमात आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, चालणं-फिरणं आणि घरात कोणाला हे आजार आहेत का, एवढं विचारतात. त्याचे गुण होतात, चारच्या वर गेले की आधी बोलावतो. कृपा करून आशाताईंना खरं सांगा. "खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) खात नाही" म्हणताना तोंड लाल असतं, आम्हाला दिसतं.

कमरेचा घेर शिंप्याच्या टेपने घरीच मोजा. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत, बाईचा 80 च्या आत असावा. साडीच्या नाडीवरून नाही, बेंबीच्या पातळीवर टेप कातडीला लावून, श्वास सोडल्यावर. हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं, अशी माणसं आपल्याकडे फार. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपलं बाळ जन्मताच दिसायला हडकुळं पण अंगात चरबी जास्त असलेलं असतं. त्यामुळे "मी जाडा नाही, मला कशी होईल" हा हिशेब चुकतो.

बीपी मोजताना पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको. मोजताना बोलू नका. सायकल मारत येऊन धापा टाकत मोजलं तर आकडा जास्तच येणार. एका दिवसाच्या आकड्यावर आम्ही रुग्ण ठरवत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजून 140/90 किंवा त्याच्या वर टिकला तर ठरवतो.

आणि गोळ्या फुकट मिळतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपले वर्धा आणि भंडारा होते. दर महिन्याला येऊन गोळी नेणारे लोक आहेत. अडचण येते ती "आता बरं वाटतं, बंद केली" या वाक्याशी. बरं वाटतं ते गोळीमुळे. "सवय लागेल" म्हणून सोडू नका.

वास्ता

आरमोरीकडून, जिल्हा गडचिरोली. तुम्ही सगळे मीठ-साखर बोलताय, आमच्याकडे खर्‍यावर बोलल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही.

बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, हे प्लास्टिकच्या पन्नीत टाकून खर्रर्र खर्रर्र घोटतात. गाल फुगवून दिवसभर चघळायचा. धान रोवणीला बांधीत उतरायच्या आधी एक पुडी, दुपारी एक, घरी येताना एक. पुरुषच नाही, बायकाही, आणि आठवी-नववीतले पोट्टेही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, खर्रा ठेल्यावर उघड्यावर घोटला जातो.

मी अकरा वर्षं खाल्ला. लग्नाच्या वर्षी भाताचा घास तोंडात जाईना, तिखट तर जिभेला टेकवता येईना. दंतवैद्याने माझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. तो म्हणाला, गालाच्या आतली कातडी कडक होत चालली आहे, हे सुपारीचं काम. सुपारी एकटीसुद्धा कर्करोग करते, तंबाखू नसला तरी. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे छापून जाहीर केलं. मला तोवर वाटायचं, साधी सुपारी म्हणजे निरुपद्रवी, देवाला वाहतो ती.

ज्यांच्या घरात खर्रा आहे त्यांनी आज संध्याकाळी तीन बोटांची तपासणी करा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारा फोड, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर थांबू नका.

सुटला कसा? पहिल्यांदा सोडला तेव्हा चौदा दिवस टिकलो. दुसऱ्यांदा दोन महिने, मग एका तेरवीत परत सुरू. तिसऱ्यांदा सुटला. तलफ आली की पाच-सात मिनिटांत ती ओसरते, एवढं एक वाक्य मी धरून ठेवलं. त्या पाच-सात मिनिटांत पाणी प्यायचो, भाजलेला ओवा किंवा जवस चघळायचो, आणि मुख्य म्हणजे ठेल्याच्या रस्त्याने जाणं बंद केलं. सरकारचा मोफत सल्ल्याचा नंबर आहे, 1800-11-2356, तिथली बाई शांतपणे बोलली, रागावली नाही. आमच्या जिल्ह्यात 1993 ची दारूबंदी बायकांच्या जोरावर आली. तंबाखू आणि दारूवर गावागावांत "मुक्तिपथ"चं काम चालतं, त्यांच्या लोकांचाही आधार झाला.

तोंड अजून पूर्ण उघडत नाही. जेवढं गेलं ते परत आलं नाही, पुढचं थांबलं.

पिवळी ज्वारी

कोरडवाहू दादा, ज्वारीबद्दल थोडं. लोकांना वाटतं भाकर म्हणजे शुगरचं औषध. माझ्या वडिलांना कोणीतरी सांगितलं, भाकर कितीही खा. ते चार भाकरी खायचे आणि साखर उतरत नाही म्हणून हैराण. ज्वारीत तांदळापेक्षा चोथा कितीतरी जास्त, 100 ग्रॅमला सुमारे 10 ग्रॅम, म्हणून साखर सावकाश चढते. पण चढतेच. आता एक-दीड भाकर, दोन वाट्या भाजी आणि घट्ट वरण. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, घोळ, कुंजीर, पाथरी असं रानातलं काहीतरी रोज असतं. बाजारातल्या सफरचंदाला पैसे नसतात आपल्याकडे, आणि गरजही नाही. पेरू, बोरं, आवळे गावात आहेत.

अंबाडी आंबट असते, तिच्या भाजीत मीठ निम्मं टाकलं तरी कळत नाही. करून पाहा.

निसर्गमित्र77

एवढं मोजमाप कशाला? आमच्याकडे आठवडी बाजारात एक जण शुगरची जडीबुटी पावडर देतो. माझ्या काकांनी दोन महिने घेतली, सगळ्या गोळ्या बंद केल्या, साखर 110. बीपीला सैंधव मीठ वापरा, ते वाढत नाही. निसर्गात सगळं आहे.

उपकेंद्र

दादा, काकांची काळजी वाटते म्हणून स्पष्ट लिहिते. पावडरीत काय आहे ते विकणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. अशा काही पुड्यांत साखरेच्या ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातलेल्या सापडलेल्या आहेत. मग साखर उतरते, पण किती मात्रा गेली हे कोणालाच ठाऊक नसतं आणि एखाद्या दिवशी माणूस साखर फार उतरून बेशुद्ध पडतो. गुडघेदुखीच्या पुड्यांचं याच्या उलट. त्यात स्टिरॉइड असलं की दुखणं जादूसारखं थांबतं आणि साखर वाढते. काकांना पावडरीसकट उपकेंद्रात घेऊन या, कोणी ओरडणार नाही. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

सैंधवही मीठच आहे. बीपी वाढवणारं सोडियम त्यातही तेवढंच. शिवाय त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीनयुक्त साधंच मीठ वापरा आणि कमी वापरा. "कमी सोडियमचं" म्हणून मिळणारं मीठ किडनीच्या रुग्णाने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असतं.

धानपट्टा

साकोलीहून. एक वेगळी गोष्ट, आपल्या भागासाठी फार महत्त्वाची.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मला त्याचा एएस आहे, म्हणजे मी नुसता वाहक. त्रास काही नाही. नागपूरला नोकरीच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट केली, एचबीएवनसी, आकडा अगदी छान आला. पण घरी मशीनवर जेवणानंतर दोन तासांनी 190 च्या आसपास. हे जुळेना. शेवटी एका डॉक्टरने रिपोर्ट पाहून विचारलं, सिकलसेल तपासली आहे का?

ती टेस्ट रक्तातल्या हिमोग्लोबिनवर चालते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन वेगळं असतं. आजार असलेल्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो, आणि वाहकांच्या बाबतीतही काही पद्धतींनी मोजलं तर चुकू शकतो. मग उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, यावर भरवसा ठेवायचा. पूर्व विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे ते आपल्याला माहीत आहे. ज्यांचं लाल किंवा पिवळं कार्ड आहे त्यांनी साखर तपासताना ते दाखवा.

कोरडवाहू

धानपट्टा दादा, हे मला बिलकुल माहीत नव्हतं. आभार.

वजन कसं उतरवलं असं दोघा-तिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं. चालणं सकाळी पाच वाजता, उन्हाळ्यात साडेचारला, कारण आठनंतर आपल्याकडचं ऊन माणूस चालू देत नाही. रोज 40 मिनिटं, पांदण रस्त्याने. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणातच फेऱ्या, मुलगी सोबत असते. चहा दोन कप, साखर अर्धा चमचा. पाहुण्यांकडे "बिनसाखरेचा" म्हटलं की लोक म्हणतात, "एवढ्याशानं काय होते?" सुरुवातीला अवघड गेलं. आता मी आधीच सांगतो, बाबांना लकवा झाला होता, मग कोणी आग्रह करत नाही.

चेन्नईच्या डॉक्टरांनी 2006 मध्ये एक अभ्यास छापला होता. माझ्यासारख्या मधल्या पायरीवरच्या भारतीय माणसांना फक्त चालणं आणि जेवण सुधारायला लावलं, तर मधुमेहाकडे जाण्याचा धोका 28 टक्क्यांच्या आसपास कमी झाला. औषधानेही साधारण तेवढाच. सिस्टरने मला हे सांगितलं तेव्हा मी पुस्तकी गोष्ट समजलो होतो.

एक गोष्ट मात्र मला अजून जमलेली नाही, झोप. थ्री फेजची लाईन, म्हणजे विहिरीच्या मोटारीला लागणारी वीज, आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. शेजारच्या काकांची विहीर आहे, हरभऱ्याला पाणी द्यायला आम्ही आळीपाळीने जातो. मग रानडुकरांसाठी जागली. त्या आठवड्यात माझा बीपी मोजला तर वर असतो, चिडचिड होते, दिवसभर चहा आणि गोड खावंसं वाटतं. जागरणाने हे होतं असं डॉक्टरही म्हणाले. यावर कोणी काही तोड काढली असेल तर सांगा.

तिफण

आमच्याकडे जागलीचा आठवडा ठरवून घेतात, चार घरं मिळून एकेक रात्र. एकाच माणसाचा सलग आठवडा जात नाही. दुपारी दोन तास झोप, आणि रात्री जाताना थर्मासमध्ये चहाऐवजी ताक नाहीतर कैरीचं पन्हं बिनसाखरेचं. दिवसाची लाईन मागायला सगळे मिळून गेलो होतो, अजून मिळाली नाही. मागणं सोडलेलं नाही.

बैलबंडी

मंडळी, चार दिवस आलो नाई कारन इचार करत होतो. काल उपकेंद्रात गेलो. पाच मिनटं बसवलं, मंग मोजला. 152/96. ताई म्हने परत दोनदा यायचं. पावलाचं ॲप बी टाकलं, दिवसभरात 2,700 झाले. मी सोताले लय मेहनती समजत होतो.

उपकेंद्र

भाऊ, गेलात हे फार चांगलं केलं. सांगितल्या दिवशी नक्की जा. तोवर पापड-लोणचं आणि तंबाखू बाजूला ठेवा, आणि घरच्या बाकीच्यांनाही सोबत न्या. आईचं वय काय?

बैलबंडी

माय बासष्टची हाय. तिले बी नेतो गुरवारी. तिनं मिठाचा पुडा नवा फोडला. तिले लिवता येत नाई, तर चुलीमागच्या भितीवर रोज सकायी कोयशाची एक रेघ मारते. आज सात रेघा झाल्या. पुडा अर्ध्याच्या वर शिल्लक हाय.